हात कच्चा आहे, कॉमिक्स काढू का?

प्रश्न : गावात टँकर आला की आजी-नातवाची उडणारी धांदल कॉमिक्समध्ये मांडायची आहे. पण आजीचा चेहरा दर चौकटीत बदलतो आणि हाताचे पंजे जमतच नाहीत. आधी चित्रकलेचा क्लास लावू का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : क्लास खुशाल लावा, पण त्यासाठी गोष्ट अडवून ठेवू नका. हुबेहूब चित्र काढणं वेगळं आणि तीच आजी पन्नास वेळा ओळखू येणं वेगळं. कॉमिक्सला दुसरं लागतं. वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग आडव्या ओळींत कोरलेत. आकृत्या लहान आहेत, तरी वानर शेपटीवरून लगेच कळतात.

चेहरा बदलतो, कारण नाक, ओठ, सुरकुत्या तुम्ही दर वेळी नव्याने शोधता. म्हणून आजीच्या तीनच खुणा ठरवा : अंबाडा, गोल चष्मा, वाकलेली पाठ. उंची डोक्याच्या तिप्पट. डोळे म्हणजे दोन ठिपके. राग, भीती, आनंद भुवया आणि तोंडाच्या रेषेवर भागवा. एका कागदावर ती समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, पळणारी अशी काढा आणि तो कागद काम संपेपर्यंत समोर ठेवा. मग आजी, नातू, टँकरवाला तिघांनाही पूर्ण काळं भरून घरच्यांना दाखवा. कोण कोण ते सांगता आलं नाही, तर खुणा बदला; चेहरा घोटत बसू नका.

पंजाचे तीनच आकार पुरतात : मूठ, रोखलेलं बोट, घागरीची कड धरलेला हात. बोटं चारच काढली तरी बिघडत नाही. मात्र सगळेच हात पदराआड लपवू नका, माणसं अवघडलेली दिसतात.

सुरुवात एका ए-फोर कागदापासून करा. तीनदा अर्धा दुमडला की आठ भाग होतात. उघडून आखूड कडा जुळवत पुन्हा अर्धा करा, घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर मध्यापर्यंत कापा. मग पूर्ण उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकलून पुस्तिका करा. आधी कोऱ्या पुस्तिकेवर पानांचे आकडे टाका, मग ती उलगडा; वरची ओळ उलटी का येते ते तेव्हाच कळतं. मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून सहा पानं, पानावर दोन चौकटी. बारा चौकटींत टँकर येऊन जातो.

प्रश्न : संवाद फुग्यात मावत नाहीत. झेरॉक्सही घाण येते.
– एक वाचक, परभणी

उत्तर : फुगा आधी आणि अक्षरं नंतर, इथेच गडबड होते. आधी संवाद लिहा, मग त्याभोवती फुगा. वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन शिरोरेषांमध्ये ७ मिमी अंतर ठेवा. वर सांगितलेल्या पुस्तिकेच्या छोट्या पानावर तीन ओळींतच जवळपास अर्धी चौकट जाते, तेव्हा फुग्यात सात-आठ शब्द पुरे. आधी बोलणारा डावीकडे उभा करा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात.

झेरॉक्ससाठी प्रत्येक पानाच्या कडेने ५ मिमी जागा कोरी सोडा. कागदाच्या काठावरचं मशीन खातं. पेन्सिलची फिकट छटा उमटत नाही, तिथे पेनाने तिरप्या रेषा मारा. जेल पेनची शाई नीट वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका. आणि पहिली एकच प्रत काढून, दुमडून वाचा. वीस एकदम काढू नका.