ऐंशी टक्के रुग्ण चालू लागले, पण कितींपैकी?

प्रश्न : सासऱ्यांना लकवा मारलाय. नात्यातल्या एकांनी पत्रक आणून दिलं, 'आमच्या औषधाने ८० टक्के रुग्ण चालू लागले'. डॉक्टर म्हणतात, यावर जाऊ नका. मग खरा आकडा ओळखायचा कसा?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : औषध न घेता किती जण चालू लागले असते, हे पत्रकात आहे का? नसेल तर ८० या आकड्याला अर्थ नाही. लकव्याचे बरेच रुग्ण आपोआपही सुधारतात.

मेंदूतल्या रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या 'टीपीए' इंजेक्शनची अमेरिकेतली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्ण, सगळ्यांना झटक्यानंतर तीन तासांच्या आत इंजेक्शन. काहींना औषध, काहींना नुसतं दिसायला तसं. चाचणीच्या दुसऱ्या भागातल्या ३३३ रुग्णांत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झाले औषधवाल्यांत ३९ टक्के, बिनऔषधाच्या गटात २६. म्हणजे शंभरात १३ जणांचा जास्तीचा फायदा. हेच 'दीडपट रुग्ण बरे' असंही लिहिता येतं. खोटं नाही, पण वाचणारा फसतो. त्याच अहवालात, सगळ्या ६२४ जणांत, पहिल्या ३६ तासांत मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झालेलेही दिलेत : ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ०.६. तोटाही छापलाय, म्हणून फायद्यावर भरवसा ठेवता येतो.

'चालू लागले' म्हणजे काय, हेही विचारा. लकव्यानंतर माणूस किती परावलंबी राहिला हे मोजणाऱ्या रँकिन मोजपट्टीवर ० म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. ३ वरचा माणूस आधाराशिवाय चालतो, पण घरच्या कामांत त्याला मदत लागते. वरच्या चाचणीत बरा म्हणजे ० किंवा १.

सगळ्यात जास्त गडबड गळालेल्या रुग्णांत होते. शंभर जणांवर उपचार केले, तिसऱ्या महिन्यात ऐंशीच आले, त्यातले चाळीस बरे. लिहिलं '५० टक्के'. न आलेले वीस बहुधा अंथरुणाला खिळलेले किंवा गेलेले. निर्यातीला पास झालेले घड मोजून केळीच्या बागेचा उतारा सांगण्यासारखंच हे! सातपुड्याच्या पाड्यावरून येणं जमत नसेल, तर फोनवर घरच्यांना विचारूनही रँकिन ठरवता येतो. मात्र विचारणाऱ्याला औषध कुणाला दिलं ते ठाऊक नसावं.

भारतात १५ जून २००९ पासून औषधाची चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक आहे. तिथे मुख्य निकष, म्हणजे फायदा कशावरून मोजणार ते, आधीच लिहिलेला असतो. पत्रकातला निकष त्याच्याशी जुळतो का ते पाहा. नोंदणी क्रमांकच नसेल, तर पत्रकवाल्याला तोच मागा.