गव्हाच्या दोन वाणांत प्रथिनांचे प्रमाण सारखे असूनही त्यांपैकी एकाचाच पाव चांगला का फुगतो?

प्रथिन किती आहे याइतकेच ते कोणत्या प्रकारचे आहे यालाही महत्त्व असते, आणि हा प्रकार जनुके ठरवतात. पावाच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन जीनोम (गुणसूत्रांचे संच), म्हणजे एकूण ४२ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी १ए, १बी आणि १डी यांच्या लांब भुजांवर उच्च रेणुभाराच्या ग्लुटेनिनची, म्हणजे कणकेतल्या ग्लुटेनला ताकद देणाऱ्या मोठ्या प्रथिनांची, जनुके आहेत. माझ्या मते यांतले सर्वांत निर्णायक स्थान १डी वरचे: तेथे ५+१० (हे ग्लुटेनिनच्या उपघटकांचे क्रमांक) ही जोडी असेल तर कणीक सहसा ताठ आणि लवचीक होते, २+१२ असेल तर ती सैल पडते. फरक दिसायला किरकोळ आहे. पाचव्या क्रमांकाच्या उपघटकात सिस्टीन हे अमिनो आम्ल एका ठिकाणी जास्त असते, त्यामुळे शेजारच्या साखळीशी गंधकाचा आणखी एक बंध जुळू शकतो आणि ग्लुटेनचे जाळे किण्वनातला वायू धरून ठेवण्याइतके मजबूत होते.

दाण्याचा कठीणपणा मात्र वेगळ्याच जागी, ५डी या गुणसूत्रावरील प्युरोइन्डोलिन (दाण्याचा मऊपणा ठरवणारी प्रथिने) जनुकांत ठरतो. राय धान्यातून आणलेल्या १आरएस या गुणसूत्राच्या तुकड्याने रोगप्रतिकारशक्ती दिली, पण सोबत चिकट कणीकही दिली.

पैदासकार दाणा अर्धा कापतो, भ्रूण नसलेल्या अर्ध्या भागातील प्रथिने इलेक्ट्रोफोरेसिसने (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करून त्यांचे पट्टे दाखवणारी पद्धत) तपासतो आणि पट्टे मनासारखे दिसले तरच भ्रूणाचा अर्धा भाग पेरतो. अर्थात, नत्र कमी पडले किंवा दाणे भरताना उष्णता वाढली, तर उत्तम जनुकांचा वाणही अपेक्षेइतका फुगत नाही.