न विचारता युद्धात

प्रश्न : १९३९ मध्ये मुंबई प्रांतात निवडून आलेलं सरकार होतं, त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर तर आपल्या रत्नागिरीचे. तरी हिंदुस्थान महायुद्धात कसा ओढला गेला? कोकणाला त्याची झळ कशी लागली? – एक वाचक, गुहागर

उत्तर : प्रांतांकडे शेती, शिक्षण अशी खाती होती. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर-जनरलच्या हाती. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिनलिथगोंनी त्याच दिवशी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं. विधिमंडळाला, पक्षांना विचारलं नाही. कायद्याने विचारावं लागतही नव्हतं. शहाणपणाची गोष्ट वेगळी. साम्राज्यातल्याच पण स्वतःचा कारभार असलेल्या कॅनडाने मात्र स्वतःच्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबरला युद्ध जाहीर केलं. इथे न विचारल्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला, आणि कारभार सरळ गव्हर्नरकडे गेला.

खरी मेख पैशात होती. ब्रिटनसाठीचा माल इथून उचलायचा, त्याचे पौंड लंडनच्या खात्यात जमा दाखवायचे आणि त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने इथे नोटा काढायच्या. माल बाहेर, नोटा आत; भाव चढणारच.

त्यात कोकणचं भात वर्षभर पुरत नसे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाच्या तांदळाची आवक तुटली. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर तेवढीच, तांदूळ मात्र महाग. सक्तीची लष्करभरती इथे नव्हती, तरी देशभरातून सुमारे २५ लाख माणसं फौजेत गेली. आमच्या मते, त्यांतल्या बऱ्याच जणांना तिकडे ढकललं ते पोटानेच.