रबिंग की पॉलिश? बाटलीतल्या कणांचा हिशेब

दसरा जवळ आला की गाडीच्या रंगाबद्दलची पत्रं वाढतात. रबिंग म्हणजे कंपाऊंडने, म्हणजे घासणाऱ्या कणांच्या पेस्टने, रंगाचा वरचा पातळ थर कापून चरे काढणं; पॉलिश म्हणजे तेच काम बारीक कणांनी, चकाकीसाठी. त्यांतल्या पाच पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न (जालना) : माझ्याकडे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन (पॅड फिरताना हेलकावेही घेतो असं) आहे. दुकानात कंपाऊंडच्या दोन बाटल्या दाखवल्या. एकीतले कण घासताना फुटत जातात, दुसरीतले फुटत नाहीत, एवढंच दुकानदार सांगतो. दोन्हींवर ‘हेवी कट’ लिहिलंय. कोणती घ्यावी?

उत्तर : ‘हेवी कट’ला काही सरकारी माप नाही. एका कंपनीचं हेवी दुसरीचं मीडियम निघतं. दुकानदाराने सांगितलेला फरक मात्र खरा आहे, आणि कामाचाही.

बहुतेक चांगल्या कंपाऊंडमध्ये घासणारा पदार्थ अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतो. मोह्सच्या मापावर त्याचा कडकपणा ९, हिऱ्याच्या खालोखाल. बारीक पॉलिशमध्येही बहुधा तोच असतो. म्हणजे ‘कडक’ आणि ‘मऊ’ कंपाऊंड हा भेद पदार्थाचा कमी. कणांचा आकार, त्यांचा एकसारखेपणा आणि ते एकमेकांना कसे बांधलेत, याचा जास्त.

फुटणाऱ्या प्रकारात बारीक कणांचे गोळे बांधलेले असतात. नांगरटीतलं ढेकूळ वखराखाली फुटावं, तसे हे गोळे पॅडच्या दाबाने आणि उष्णतेने फुटतात. आधी चरा कापतात, फुटून बारीक झाल्यावर तेच चकाकी आणतात. अट एकच, फेऱ्या पुऱ्या व्हायला हव्यात. मधेच थांबलात तर जाड गोळ्यांनी पाडलेला धुरकटपणा तसाच राहतो आणि बिल फाटतं कंपाऊंडच्या नावावर. माल जास्त घेतला तरी बिघडतं, कारण गोळे तेलात घरंगळतात, फुटत नाहीत.

न फुटणाऱ्या प्रकारात सगळे कण एकाच बारीक आकाराचे असतात आणि शेवटपर्यंत तेवढेच राहतात. मेग्वायर्स ही पॉलिश बनवणारी कंपनी या तंत्राला ‘एसएमएटी’ म्हणते. चरा गेला की थांबायचं, पुढे घासून चकाकी वाढत नाही, फक्त रंग कमी होतो. तोटा असा, की निघालेला रंग आणि कण मिळून पॅडवर लगदा बसतो. प्रत्येक पट्ट्यानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ केलाच पाहिजे. नाहीतर तो लगदाच नवे चरे पाडतो.

तुमच्या मशीनला न फुटणारा प्रकार घ्या. साध्या ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये दाब वाढला की पॅडचं फिरणं मंदावतं, त्यामुळे जुन्या धाटणीचे गोळे नीट फुटतीलच असं नाही. पॅड नुसता गोल फिरवणाऱ्या, गॅरेजवाल्याच्या रोटरी मशीनला दाब आणि उष्णता दोन्ही मिळतात, तिथे फुटणारा प्रकार शोभतो.

प्रश्न (लातूर) : काळ्या गाडीला पॉलिश करून घेतलं. त्या दिवशी आरशासारखी दिसली. तीन वेळा धुतल्यावर उन्हात पुन्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. चरे परत आले की गेलेच नव्हते?

उत्तर : गेलेच नव्हते. कंपाऊंडमधल्या तेलांनी किंवा वर लावलेल्या ग्लेझने ते बुजवले होते. शाम्पूने तेल निघालं, चरे उघडे पडले. गाडी ताब्यात घेण्याआधी एक चाचणी करायची असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी चार भाग असं मिश्रण मायक्रोफायबरवर मारून एक पट्टा पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. तेव्हा दिसतं ते खरं काम.

आता नव्याने करायचं तर असं करा. गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागेल इतकी. मे महिन्यात उन्हातून आणलेल्या पत्र्यावर कंपाऊंड घासण्याआधीच सुकतं आणि नुसती पावडर उडते. आधी नीट धुवा, मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. पोलाद गिरण्यांच्या बाजूला गाडी लागत असेल, तर क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाचे रुतलेले कण जांभळे ओघळ सोडतात. ते तसेच ठेवून पॅड फिरवला तर तेच कण पॅडमध्ये अडकून ओरखडतात.

मग ६० बाय ६० सेंटिमीटरचा एकच पट्टा घ्या. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. पाच इंची कोऱ्या पॅडवर पहिल्यांदा पाच-सहा वाटाण्याएवढे थेंब, पुढे तीन पुरतात. कमी वेगावर पसरवा, मग सहापैकी चार-पाचवर न्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकला पाहिजे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली, आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या. मशीनच्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ गरगर फिरताना दिसते तोवर पॅड फिरतोय. ती नुसती थरथरायला लागली की दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका झाला.

चरे राहिले तर आधी पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. तरीही राहिले तरच कंपाऊंड. काळ्या रंगावर कंपाऊंडनंतर फिनिशिंगचा हात चुकवू नका. रोटरीवर लोकरी पॅड लावून तसंच सोडून दिलेल्या काळ्या गाडीवर उन्हात इंद्रधनुषी पट्टे हलताना दिसतात, ते याचमुळे.

प्रश्न (परळी वैजनाथ) : गाडीवर रोज राखेचा पातळ थर असतो. कोरड्या फडक्याने झटकतो. पॉलिश किती महिन्यांनी करावी?

उत्तर : आधी फडकं बंद करा. औष्णिक केंद्राची राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचे काचेसारखे कण. कोरडं पुसणं म्हणजे बिनमापाचं रबिंगच. पाणी टंचाईचं असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं लागत नाही असा शाम्पू, वापरा: एक बादली, चार-पाच मायक्रोफायबर, प्रत्येक पत्र्याला कपड्याची नवी घडी. त्याआधी फवाऱ्याने धूळ भिजवून दोन मिनिटं थांबा. तसंच बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पॉलिशने काढू नका. तो कॅल्शियमचा थर आहे. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, मिनिटभर ओलं ठेवून धुऊन टाका. खाली खड्डा पडलेला दिसला तरच पॉलिश.

प्रश्न (नांदेड) : टूथपेस्टने ओरखडे जातात का?

उत्तर : नखाला न लागणारे फिके पडतात. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका असते, दातांसाठी मोजलेली, रंगासाठी नाही. काळ्या गाडीवर ती स्वतःचाच धुरकट डाग सोडते. नखाला लागणारा ओरखडा सहसा कंपाऊंडने जात नाही. पिवळ्या हेडलाइटवर टूथपेस्ट चालते, पण वरचा यूव्ही थर, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर, गेलेला असतो. वर यूव्ही क्लिअर मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं.

प्रश्न (परभणी) : दर दसऱ्याला रबिंग करून घेतो. सात वर्षं झाली. यंदा जुन्या लाल गाडीचं रबिंग करताना पॅडच लाल झाला. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर : दोन शक्यता आहेत. जुन्या साध्या रंगाच्या काही गाड्यांना आणि बऱ्याच ट्रॅक्टरना वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतोच. तिथे पॅडला रंग लागणं स्वाभाविक आहे. दरवाजाच्या आतल्या काठावर पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासून बघा. तिथेही लाल आलं तर गाडी सिंगल स्टेज रंगाची. तिथे नाही आणि बॉनेटवर येतं, तर क्लिअर कोट कापला गेलाय. तिथे पुन्हा मशीन लावू नका, रंगकामाशिवाय इलाज नाही.

हिशेब असा आहे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. दणकून केलेल्या एका रबिंगमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात, लोकरी पॅडखाली त्याहूनही जास्त. शिवाय ऊन सोसणारा थर मुख्यतः हाच. तो पातळ झाला की छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटतात. मायक्रॉनचं मीटर लावून घ्या, पण साधं मीटर सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. आकडा ८० च्या आसपास असेल तर कंपाऊंडला हात लावू नका. २०० च्या वर असेल तर तो पत्रा बहुधा पूर्वी रंगवलेला आहे. कडांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावल्याशिवाय मशीन चालवू देऊ नका. आणि दसऱ्याला धुऊन वॅक्स लावा, रबिंग नको.