पुणे ऑफिस आणि नाशिक कारखान्यातले जुने ईपीएबीएक्स (ऑफिसातली अंतर्गत टेलिफोन एक्सचेंज) इंटरनेट लाइनवरून जोडता येतील का?

येतील, आणि एक्सचेंज फेकायचीही गरज नाही. दोन्हीकडे एकेक व्हीओआयपी गेटवे, म्हणजे फोनचा आवाज इंटरनेटवरून नेणारं यंत्र, बसवा. ईपीएबीएक्समध्ये पीआरआय कार्ड (डिजिटल लाइनचं कार्ड) असेल तर डोळे झाकून ई-१ गेटवे घ्या: एका केबलवर ३० कॉल, आणि कटकट कमी.

नसेल तर अ‍ॅनालॉग गेटवे. इथेच सगळे गोंधळतात. गेटवेचा एफएक्सएस पोर्ट डायल टोन आणि रिंग देतो, म्हणून तो ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला (बाहेरची लाइन येते तिथे) लावायचा. एफएक्सओ पोर्ट साध्या फोनसारखा वागतो, तो एक्स्टेन्शनला. पुण्याचा माणूस ट्रंकचा कोड दाबतो, गेटवेचा टोन ऐकतो आणि नाशिकचा एक्स्टेन्शन नंबर, समजा २१४, फिरवतो. तिकडचा एफएक्सओ 'रिसीव्हर उचलून' तोच २१४ डायल करतो. उलट दिशेसाठी हीच जोडणी पुन्हा.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एफएक्सओ लाइन अडकायच्या. समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेला कळेना, दुपारपर्यंत चारही पोर्ट बिझी! ईपीएबीएक्सच्या बिझी टोनची फ्रीक्वेन्सी आणि ऑन-ऑफ वेळ गेटवेत नीट भरल्यावर सुटलं.

बँडविड्थचं टेन्शन नको. आवाज डिजिटल करायच्या पद्धतींपैकी जी.७११ ला कॉलमागे प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस, जास्त दाबणाऱ्या जी.७२९ ला ३१. पण राउटरवर आवाजाला प्राधान्य द्याच, नाहीतर कोणी मोठी फाइल पाठवली की आवाज तुटतो. फॅक्स असेल तर गेटवेत टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालू करा.

बाहेरचा कॉल मात्र या लाइनवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या लाइनने बाहेर काढू नका. ते टोल बायपासमध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीचं लांबच्या कॉलचं शुल्क चुकवण्यात, मोडतं.