नऊ दिवसांच्या बाळाला अंगावरचं दूध पुरतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला माहेरी आहात, सिझर झालंय, बाळ नऊ दिवसांचं. छाती आता मऊ लागते, पाजून झाल्यावर पंप लावला तर जेमतेम २० मिली निघतं, संध्याकाळी सात ते दहा बाळ सारखं रडतं आणि घरातले म्हणतायत, 'पोट भरत नाही, पावडरचा डबा आणा.' एप्रिलचा उकाडा आहे, तर पाणी पाजायचं का, हेही विचारलंय. जन्मवजन २.९ किलो, पाचव्या दिवशी २.६८, आज २.७८.

यातली खरी कामाची माहिती शेवटच्या आकड्यांत आहे. पाचव्या दिवसापर्यंतची घट साडेसात टक्के. सुरुवातीच्या दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत घट सर्रास होते. १० टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टर पाजणं नीट तपासतात. सिझरच्या वेळी आईला बरंच सलाईन दिलेलं असेल तर ही घट थोडी मोठी दिसू शकते. त्यानंतरच्या चार दिवसांत बाळ १०० ग्रॅम वाढलंय, म्हणजे रोज २५ ग्रॅम. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात. दूध नसतं तर हे वजन आलं कुठून?

दुसरा हिशोब लंगोटांचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू आणि या वयात साधारण तीन-चार वेळा पिवळी, पातळसर, दाणेदार शी व्हायला हवी. डायपरमध्ये शू मोजता येत नाही, म्हणून दोन दिवस सरळ सुती लंगोट बांधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारा. (पुढे सहा आठवड्यांनंतर फक्त अंगावर पिणारं बाळ कधी कधी काही दिवस शी करत नाही. ते वेगळं, आत्ता मात्र रोज व्हायला हवी.)

बाकीच्या तिन्ही खुणा फसव्या आहेत. पहिल्या आठवड्यात छाती गच्च होते त्यात दुधाबरोबर सूजही असते. ती ओसरली की छाती मऊ लागते, दूध आटलेलं नसतं. पंपाचं म्हणाल तर बाळ पिऊन झाल्यावर २० मिली निघणं उलट चांगलंच. पंप बाळासारखं ओढत नाही, आणि अनेकींना त्याच्यापुढे पान्हाच फुटत नाही. संध्याकाळी बाळं तासाभरात तीनदा मागतात, थोडं थोडं पितात, मधेच रडतात. दिवसभरात ८ ते १२ वेळा पाजणं हे नेहमीचंच प्रमाण आहे, फक्त ते घड्याळाच्या काट्यावर सारखं वाटलेलं नसतं. संध्याकाळी एका बाजूला कंटाळलं की दुसऱ्या बाजूला लावा, मग पुन्हा पहिल्या.

आता डब्याविषयी स्पष्टच सांगते. वजन वाढत असताना 'झोपेल तरी' म्हणून रात्री ६० मिली पावडरचं दूध दिलं की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढा वेळ छाती रिकामी होत नाही, आणि भरलेल्या छातीत दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. आठवड्याभरात खरंच दूध कमी पडू लागतं आणि मग घरातले म्हणतात, 'बघ, आम्ही सांगत होतो.'

दूध कमी पडण्याचं कारण अनेकदा आईच्या खाण्यात नसतं, बाळ छातीला नीट लागत नाही यात असतं. म्हणून आज एवढं तपासा. टाके दुखत असतील तर बाळाला बगलेत धरा: खाली उशी, बाळाचे पाय तुमच्या पाठीकडे, पोटावर भार नाही. हात बाळाच्या मानेखाली-खांद्यांवर असू द्या; डोकं मागून ढकललं की ते उलटं ताणतं. नाक स्तनाग्रासमोर आणा, वरचा ओठ त्याला हलकेच घासा आणि थांबा. जांभई देतं तेवढं तोंड उघडलं की हनुवटी आधी टेकेल असं बाळाला छातीकडे आणा. आपण वाकून छाती तोंडात कोंबायची नाही. छाती धरायचीच तर अंगठा वर, चार बोटं खाली आणि काळसर वर्तुळापासून मागे. दोन बोटांच्या कात्रीत धरलं तर बोटं वर्तुळावर येतात आणि बाळाच्या तोंडात फक्त टोक जातं. नीट लागलेलं असेल तर वर्तुळ खालच्या ओठाकडे कमी दिसतं, वर जास्त, आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असतो. आधी भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की संथ लय आणि गिळण्याचा आवाज. पहिले काही क्षण टोचलं तर ठीक. पूर्ण वेळ कळ येत असेल किंवा सुटल्यावर स्तनाग्र चपटं, तिरकं झालेलं दिसलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चिरा पडण्याचं मूळ बहुधा हेच असतं. मलम लावून ते जात नाही.

पाणी द्यायचं नाही. उकाड्यातही सहा महिने नाही; दुधात पुरेसं पाणी असतं आणि पाण्याने भरलेलं पोट दूध मागत नाही. बाळगुटी, मध हेही नको. मधातून होणारा बोट्युलिझम वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजारी करू शकतो. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज द्या, साधारण ४०० युनिट.

तुमच्या खाण्याचं: अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आवडत असतील तर जरूर खा. पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा दिवसाला साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यात ते मोजायचे. लाडवाने पान्हा वाढतो याचा भक्कम पुरावा नाही, आणि नुसत्या मऊ भातावर ठेवण्याचं तर काहीच कारण नाही. भाजी, डाळ, अंडी, सगळं चालतं.

बारसं तीन दिवसांवर आलंय, म्हणून एक इशारा. त्या दिवशी बाळ पाहुण्यांच्या हातोहात फिरतं, दोन-तीन पाजण्या हुकतात आणि रात्री छाती दगड होते. दर दोन-अडीच तासांनी उठून आतल्या खोलीत जा, कोणाला काय वाटेल ते वाटो. गच्च झालीच तर पाजण्याआधी बोटांनी वर्तुळाभोवती मिनिटभर हलका दाब द्या म्हणजे तो भाग मऊ पडेल, थोडं दूध हाताने काढा, मग बाळाला लावा. नंतर थंड पट्टी. मालिशवाल्या मावशींना गाठी जोरात चोळू देऊ नका, सूज वाढते. बाळाच्या छातीला सूज दिसली तर तीही पिळू देऊ नका. आईच्या संप्रेरकांमुळे येते, आपोआप जाते. लाल, गरम पट्टा आणि थंडी वाजून ताप आला तर पाजणं चालूच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. चोवीस तासांत उतार नसेल तर बहुधा प्रतिजैविक लागतं, पाजताना चालणारी असतात.

पुढचं काही दिसलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ: शू सहापेक्षा कमी किंवा विटकरी डाग, बाळ पाजायलाही उठत नाही, कावीळ पायांपर्यंत उतरलीय, अंग १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त गरम. तेव्हा वरचं दूध लागलं तर संकोच नको. आधी तुमचं काढलेलं दूध, ते नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मातृदुग्ध पेढीचं किंवा पावडरचं, डब्यावरच्या प्रमाणातच. गायी-म्हशीचं पाणी घातलेलं दूध नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा तुळशीबागेत मिळतं तसं स्टीलचं बोंडलं, दर वेळी उकळून.

चौदाव्या दिवशी त्याच काट्यावर, कपडे काढून पुन्हा वजन करा. २.९ च्या आसपास आलं तर डबा आणायची गरज नाही. २.८ वरच अडकलं तर पाजताना प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाला, म्हणजे बाळंतपण झालं तिथल्या स्तनपान समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञाला भेटा, आणि जाताना भुकेलं बाळ घेऊन जा. पोट भरून झोपलेल्या बाळाची पकड तपासता येत नाही.