वाचकांचे प्रश्न : भरलेल्या बॅटरीने दिवा का जाळला?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि तुर्भे एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. जुन्या सायकलला मी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर बॅटरीचा आणि २५० वॉटच्या हब मोटरचा (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) संच बसवून घेतला आहे. त्यात दिवे नव्हते, म्हणून स्कूटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा एलईडी दिवा आणून बॅटरीचे व्होल्ट १२ वर उतरवणाऱ्या, एलएम २५९६ या चिपच्या छोट्या कन्व्हर्टरमधून बॅटरीला जोडला. बटण बॅटरी आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये आहे. दुपारपाळीचे दोन आठवडे रात्री अकरानंतर घरी येताना दिवा उत्तम चालला. मग रात्रपाळी लागली आणि पहिल्याच रात्री घराखाली बटण दाबताच जळका वास येऊन कन्व्हर्टर आणि दिवा दोन्ही गेले. दुकानदार म्हणतो, माल खराब निघाला, तसाच दुसरा लावा. लावावा का? पुढचा व मागचा मिळून पाचशे रुपयांच्या आत जमवायचे आहे.

– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तसाच दुसरा लावू नका, तोही जळेल. पाळी बदलल्याचे आपण आवर्जून लिहिलेत हे बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

३६ व्होल्ट हे बॅटरीचे नाव झाले. तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) चार्जिंगप्रमाणे बदलत असतो. तिच्यात दहा लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा दाब ४२ व्होल्ट असतो. साध्या एलएम २५९६ चिपची मर्यादा मात्र ४० व्होल्टांची आहे. दुपारपाळीत आपण दिवा लावत होता तो परतीच्या वाटेवर, म्हणजे जातानाच्या नऊ-दहा किलोमीटरांत बॅटरी थोडी उतरून दाब चाळिसाच्या खाली आल्यानंतर. रात्रपाळीला निघालात तेव्हा बॅटरी काठोकाठ भरलेली होती आणि दिवा दारातच लावावा लागला. त्यातून बटण बॅटरीच्या बाजूला असल्याने ते दाबताक्षणी दाबाची एक उसळी येते, ती वेगळीच. अशी चिप निकामी होताना पुष्कळदा आतून आरपार जोडली जाते आणि बॅटरीचा सगळा दाब सरळ पुढे जातो, म्हणून १२ व्होल्टांच्या दिव्याला बेचाळीस व्होल्ट मिळाले. बिचाऱ्या दुकानदाराच्या मालात बहुधा काही खोट नव्हती.

नवा कन्व्हर्टर घेताना आत येणाऱ्या दाबाची मर्यादा ६० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असलेलाच मागावा. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. विक्रेत्याच्या शब्दावर न राहता, वीज आत येते त्या बाजूच्या गोल कपॅसिटरवर छापलेला व्होल्टांचा आकडा वाचावा. तेथे ३५ किंवा ५० लिहिले असेल तर तो परत करावा, ६३ किंवा १०० असेल तर घ्यावा. दिवा जोडण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असताना मल्टिमीटरने मोजत कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा दाब १२ व्होल्टांवर आणून ठेवावा. बटण या वेळी कन्व्हर्टर आणि दिवा यांच्यामध्ये बसवावे आणि कन्व्हर्टरला वीज बॅटरीच्या किल्लीनंतर द्यावी, म्हणजे सायकल उभी असताना तो उगाच बॅटरी पीत बसणार नाही. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत एक अँपिअरचा फ्यूज हवाच. मात्र मोटारगाड्यांत असतो त्या पात्याच्या फ्यूजवर बहुधा ३२ व्होल्ट छापलेले असते, तो येथे चालणार नाही. ५८ व्होल्टांचा मिळतो, तो घ्यावा.

दिव्यामुळे सायकल कमी पळेल ही धास्ती पुष्कळांना असते, म्हणून हिशेबही देतो. आपल्या बॅटरीत सुमारे ३६० वॉट-अवर वीज मावते. कन्व्हर्टरमधील गळतीसह दिवा १२ वॉट घेतो असे धरले, तर पंचवीस मिनिटांच्या प्रवासाला पाच वॉट-अवर लागतात, म्हणजे फार तर अर्ध्या किलोमीटरची वीज.

आता मागचा दिवा, आणि खरे सांगायचे तर मी तोच आधी बसवला असता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री कंटेनर आणि एपीएमसी मार्केटचे ट्रक मागून येत असतात, तेथे आपल्याला रस्ता दिसण्याइतकेच आपण इतरांना दिसणे महत्त्वाचे आहे. हा दिवा मोठ्या बॅटरीवर मुळीच घेऊ नये. बॅटरी फार उतरली की तिच्यातील रक्षक सर्किट एका क्षणात सगळा पुरवठा तोडते; मोटर बंद पडून आपण रस्त्याच्या कडेला सायकल ढकलत असताना मागचा दिवाही विझलेला असणे यापरते वाईट काही नाही. त्यापेक्षा दोन अल्कलाइन पेन्सिल सेल घ्यावेत. त्यांचे मिळून तीन व्होल्ट होतात आणि लाल एलईडीला दोनच लागतात, तेव्हा प्रत्येक एलईडीला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावला की त्यातून दहा मिलिअँपिअर जातात. असे चार एलईडी शेजारी शेजारी (समांतर) जोडले तर एकूण चाळीस मिलिअँपिअर होतात आणि सेलची एक जोडी चाळीस-पन्नास तास चालते. (पांढरे एलईडी मात्र दोन सेलवर नीट पेटत नाहीत, त्यांना तीन व्होल्टांहून थोडे अधिक लागतात.) या एलईडींचा झोत अरुंद असतो, म्हणून चारांपैकी दोघांची टोके बारीक पॉलिश पेपरने घासून धुरकट करावीत; उजेड बाजूलाही पसरतो आणि शेजारून येणाऱ्या रिक्षावाल्यालाही आपण दिसतो. खाली लाल रिफ्लेक्टर लावावाच, तो सेल संपल्यावरही काम करतो.

पावसाबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु जूनमध्ये विचाराल. डाख दिलेल्या प्रत्येक जोडावर तापवल्यावर आकसणारी नळी चढवावी, आणि कन्व्हर्टरच्या डबीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी आत न जाता झोलावरून ठिबकेल. फटी बुजवायला सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारे टाळावे. त्यातील आम्ल तांब्याची तार खाते. डबीच्या तळाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवावे, कारण आत धरलेल्या दमटपणालाही बाहेर पडायला वाट लागते.

पुढचा दिवा बसवून झाला की भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करून तो लावावा. झोताचा सर्वात उजळ भाग दिव्याच्या उंचीपेक्षा एक वीत खाली पडला पाहिजे. हँडलवरील दिव्याचा झोत मग वीस-बावीस मीटरवर जमिनीला टेकतो, जे ताशी २५ किलोमीटर वेगाला सुमारे तीन सेकंदांचे अंतर आहे, आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

प्रश्न : अशाच संचाच्या ब्रेकच्या मुठीतून दोन तारा निघतात आणि ब्रेक दाबताच मोटर थांबते. त्याच तारांवर १२ व्होल्टांचा ब्रेक लाइट चालवता येईल का?

– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : नाही. त्या तारा कंट्रोलरला, म्हणजे मोटरवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागाला, केवळ इशारा देण्यासाठी असतात आणि बहुतेक संचांत त्यांवर पाच व्होल्टांच्या आसपासचाच दाब असतो. त्यांना १२ व्होल्ट लागले तर कंट्रोलर जळेल, जो संचातील महाग भागांपैकी एक आहे. ब्रेकच्या दांड्याशी एक वेगळा मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारे छोटे बटण) बसवावा आणि दिव्याची वायर त्यातूनच न्यावी. मुठीतल्या तारांना हातही लावू नये.